‘दोन्ही महत्त्वाचं’ म्हणून सुटका नाही

पत्र :

ताई, मानसशास्त्र घेऊन माझं बी.ए. यंदा पूर्ण होईल. वर्गातले बहुतेक जण क्लिनिकलच्या, म्हणजे पेशंटवर उपचार करायला शिकवणाऱ्या मानसशास्त्राच्या, प्रवेशपरीक्षेला बसणार आहेत. मला मात्र दुसऱ्या एका विद्यापीठातला ‘मनोसामाजिक अभ्यास’ हा दोन वर्षांचा एम.ए. करावासा वाटतोय. माणसाचं मन आणि समाज यांचा एकमेकांशी काय संबंध, हे तिथे शिकवतात म्हणे. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ आमचे सर म्हणतात, समाजशास्त्र म्हणजे नुसती मतं. समाजशास्त्र घेतलेली मैत्रीण म्हणते, तुमचं मानसशास्त्र सगळा दोष माणसाच्याच माथी मारतं. मला दोघांचंही पटतं, म्हणजे खरं तर कुणाचंच पटत नाही.

आतलं कारण वेगळं आहे. मी शाळेत असताना बाबांची कंपनी बंद पडली. वर्षभराहून जास्त काळ ते घरी होते. आधी धडपडले, मग हळूहळू उशिरा उठायला लागले, हातात पेपर घेऊन तासन्‌तास बसायचे पण वाचायचे नाहीत. नातेवाईक म्हणाले, ‘मनाने कच्चा आहे.’ त्याच कंपनीतले एक काका मात्र लवकर सावरले. बाबा पुढे पुन्हा नोकरीला लागले. पण हे त्यांच्या स्वभावात होतं की त्यांच्यावर आलेल्या वेळेत, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. अशा घरगुती कारणासाठी विषय निवडणं चूक आहे का? या डिग्रीला पुढे काही किंमत आहे का? आणि मला स्टॅट्सची (संख्याशास्त्राची) धडकी भरते. हा कोर्स घेतला तर त्यातून सुटका होईल का?
– द्विधा

प्रिय द्विधा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात छोटं आहे. स्टॅट्समधून सुटका होणार नाही, आणि जो कोर्स तशी सुटका देत असेल तो घेऊ नकोस. का, ते ओघात येईलच.

तुझे सर आणि तुझी मैत्रीण यांच्यातलं भांडण जुनं आहे. 1908 साली एकाच वर्षात सामाजिक मानसशास्त्राची दोन इंग्रजी पाठ्यपुस्तकं निघाली. एक लिहिलं विल्यम मॅकडूगल या मानसशास्त्रज्ञाने, दुसरं एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाने. मॅकडूगलने सुरुवात केली माणसाच्या उपजत प्रेरणांपासून. रॉसचा भर होता लोक एकमेकांचं अनुकरण कसं करतात, लाट कशी पसरते यावर. विषयाचं नाव एकच, पण दोघांनी दोन टोकांनी खणायला घेतलं होतं. पुढे 1924 मध्ये फ्लॉइड ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने तर ठणकावूनच सांगितलं की गटाचं असं वेगळं मानसशास्त्र नसतं, जे काही असतं ते व्यक्तींचंच. त्याच्या बरोब्बर उलट बाजूला, त्याआधीच, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखाइम सांगून बसले होते की सामाजिक गोष्टींची कारणं सामाजिक गोष्टींतच शोधावीत, व्यक्तीच्या मनात नाही. तेव्हा तुझ्या सरांनी किंवा मैत्रिणीने काही नवीन शोध लावलेला नाही. दोघंही आपापल्या विभागाच्या कॉरिडॉरमध्ये जे ऐकत आले, तेच तुला ऐकवताहेत.

यावर तिसरा सोपा पवित्रा असतो, आणि तुझ्या पत्रात मला त्याचीच चाहूल लागली : दोन्ही महत्त्वाचं. व्यक्तीही महत्त्वाची, समाजही महत्त्वाचा. परीक्षेत हे वाक्य लिहिलं तर बहुधा मार्क मिळतील, पण त्यात ज्ञान काहीच नाही. कारण ते कधी खोटंच ठरू शकत नाही. तुझ्या बाबांच्या बाबतीत ‘दोन्ही’ म्हटल्याने तुला काय कळलं? काहीच नाही. त्या दीर्घ रिकाम्या काळात कोणती गोष्ट, कोणत्या वाटेने, त्यांच्या सकाळी उठण्यापर्यंत पोचली, हे कळलं तर काहीतरी कळलं. या विषयात शिकण्यासारखं जे काही आहे ते या ‘कोणत्या वाटेने’ मध्ये आहे. मी यापुढे जे लिहिणार आहे ते या एकाच कसोटीवर लिहिणार आहे, आणि कोर्स चांगला की वाईट हेही तू त्याच कसोटीवर ठरवावंस.

योगायोग असा की तुझ्याच प्रश्नावर या विषयातला एक फार सुंदर अभ्यास झालेला आहे. व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचं छोटं गाव होतं. गाव म्हणजे एक कापड गिरणी आणि तिच्याभोवतीची वस्ती. 1929-30 च्या सुमारास गिरणी बंद झाली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. 1931 च्या अखेरीस मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि त्यांचे सहकारी या संशोधकांनी तिथे अभ्यास सुरू केला, आणि 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. गावात नुसतं निरीक्षण करत कुणी हिंडायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी काम करायचं. कुणी कपडे वाटले, कुणी शिवणाचे वर्ग घेतले, दवाखाना चालवला. त्या ओघात त्यांना जे दिसलं ते नुसती प्रश्नावली हातात देऊन दिसलं नसतं.

आता बघ, त्यांनी काय काय मोजलं. एक जण खिडकीआड घड्याळ घेऊन बसला आणि मुख्य रस्त्याने जाणारी माणसं किती वेगाने चालतात, किती वेळा थांबतात याची नोंद करत राहिला. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते आणि पुन्हा पुन्हा थांबत होते. बायकांना घरकाम होतंच. त्यांची नोकरी गेली होती, दिवस गेला नव्हता. ग्रंथालयाच्या नोंदी काढल्या, तर 1929 ते 1931 मध्ये नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली होती, तीही पुस्तकासाठी पैसे द्यावे लागत नसताना आणि वेळच वेळ हाताशी असताना. पुरुषांना दिवसाचं वेळापत्रक भरायला दिलं. एकाने सकाळच्या एका तासासमोर लिहिलं ते असं की, एवढ्यात दुपार होते. त्या तासात काय केलं ते त्याला आठवत नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

हातात न वाचलेला पेपर घेऊन बसलेली तुझ्या पत्रातली व्यक्ती तुला या नोंदींमध्ये दिसेल. आणि ज्या गावात इतक्या पुरुषांना एकाच वेळी तेच होतं, तिथे ‘मनाने कच्चा’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये खाजगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांच्यात फरक केला, तो बेकारीचंच उदाहरण घेऊन : शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याच्याकडे बघावं, लाखो असतील तर व्यवस्थेकडे. तुझी मैत्रीण बहुधा इथवर येऊन थांबते.

पण तू थांबू नकोस, कारण तुझा काकांचा प्रश्न शिल्लक आहे. कंपनी एक, गेलेली नोकरी एक, आणि माणसं दोन तऱ्हेने वागली. मारियेनथालमध्येही सगळी घरं सारखी नव्हती. काही कुटुंबं खंबीर होती : घर नीटनेटकं, मुलांकडे लक्ष, पुढचे बेत, कामाची शोधाशोध चालू. सर्वांत मोठा गट होता तो हाय खाल्लेल्यांचा. त्यांनी अपेक्षाच कमी करून टाकल्या होत्या. आणि काही घरं पार ढेपाळलेली होती. अभ्यासकांनी मग प्रत्येक गटात माणशी किती पैसे येतात ते बघितलं, तर खंबीर ते ढेपाळलेले या क्रमाने पैसे कमी कमी होत जात होते. म्हणजे ज्याला बाहेरचे ‘स्वभाव’ म्हणत होते, त्यातला बराच भाग बेकारभत्त्याच्या रकमेशी बांधलेला होता. तो भत्ता जसा संपत जाईल तशी खंबीर घरंही खालच्या गटात घसरत जातील, अशी भीती त्यांना होती. मात्र एवढ्यानेही सगळं उलगडेना, तेव्हा ते आयुष्यकथांकडे वळले. आधी कसं जगलेला माणूस हा धक्का कसा घेतो, हे बघायला लागले. पैसा हा एक मार्ग, दिवसाची मोडलेली घडी हा दुसरा, आणि मागचं आयुष्य तिसरा. हेच मी मघाशी म्हणत होते ते ‘कोणत्या वाटेने’.

(जाता जाता : बेकारीने माणसं पेटून उठतील अशी त्या काळातल्या अनेकांची समजूत होती. गावात दिसली ती मरगळ. आपल्याला हवं ते न दिसताही जसं दिसलं तसं लिहिणारे संशोधक मला विश्वासाचे वाटतात.)

याहोदांनी पुढे कित्येक वर्षांनी यातूनच मांडणी केली की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते : वेळेला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजातलं स्थान, आणि रोज काहीतरी करायला लावणारी सक्ती. तुझे काका लवकर सावरले तेव्हा यातलं काय काय त्यांच्यापाशी दुसऱ्या मार्गाने शिल्लक होतं? पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. पण ‘बाबा कच्चे, काका पक्के’ यापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे, एवढं तुलाही दिसेल.

आता तुझ्या सरांकडे वळते. ‘समाजशास्त्र म्हणजे मतं’ असं म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने आधी आपल्या घरातलं आवरावं असं मला वाटतं. 2010 मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जेफ्री आर्नेट यांच्या मोजणीचा हवाला देऊन, लक्ष वेधलं की नामांकित नियतकालिकांतल्या मानसशास्त्रीय अभ्यासांत भाग घेणारे शंभरातले 96 लोक अशा पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, ज्यांची लोकसंख्या जगाच्या जेमतेम 12 टक्के आहे. आणि त्यातही पदवीच्या विद्यार्थ्यांचा भरणा. मग ‘माणसाचं मन’ म्हणून शिकवलं जातं ते कुणाचं? 2015 मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने प्रसिद्ध झालेले 100 अभ्यास पुन्हा करून बघितले, तेव्हा पहिल्यासारखा ठाम निष्कर्ष फक्त 36 टक्क्यांच्या आसपास हाती लागला. सामाजिक मानसशास्त्रातले तर चारातला एक. याने मानसशास्त्र बाद होत नाही. उलट आपलं आपण तपासायची हिंमत या विषयात आहे, हे त्यातून दिसतं. पण सरांनी जरा बेतानेच बोलावं.

प्रयोग वर्गात ज्या तऱ्हेने सांगितले जातात, तिथेही थोडं सावध राहा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा रेषांचा प्रयोग तुला शिकवलाच असेल : खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीची रेषा दाखवतात आणि बिचारा एकटा खरा सहभागी काय करतो ते बघायचं. वर्गात निष्कर्ष सांगितला जातो तो असा की माणसं गटापुढे मान तुकवतात. आकडे नीट वाचले तर ती एवढी सरळ गोष्ट नाही. गट चुकीचं बोलत असताना सहभागींची साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने गेली, म्हणजे बाकी दोन तृतीयांश बरोबर होती. साधारण पाव लोक तर एकदाही वाकले नाहीत. आणि खोलीत फक्त एक जण जरी खरं बोलणारा ठेवला, तरी मान तुकवणं एकदम खाली आलं. ॲशनी नंतर मुलाखतीही घेतल्या. मान तुकवणाऱ्यांपैकी काहींना आपण चूक बोलतोय हे माहीत होतं, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. इतरांना मात्र खरोखर स्वतःच्याच नजरेवर शंका आली होती. बाहेरून वागणं एकसारखं, आतल्या वाटा दोन. पाठ्यपुस्तकात या प्रयोगाला एक चौकट मिळते, तेवढीच वाचून पुढे गेलीस तर नेमकं हेच हातातून निसटतं.

आणि आता स्टॅट्स. तुझ्या विषयातली सगळ्यात मोठी फसगत आकड्यांचीच आहे आणि ती आकड्यांनीच पकडली जाते. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने 1950 मध्ये एक निबंध लिहिला. अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेतून त्याने राज्याराज्यांची तुलना केली : ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. संबंध चांगला घट्ट, उणे 0.53 च्या आसपास (हा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये असतो; उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी). यावरून कुणीही म्हणेल की बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले होते. मग त्याने तोच संबंध राज्यांऐवजी माणसांच्या पातळीवर काढला. तो अधिक 0.12 च्या जवळ निघाला! म्हणजे बाहेरून आलेल्यांमध्ये निरक्षरता उलट थोडी जास्तच होती. घडलं होतं ते असं की स्थलांतरित लोक ज्या राज्यांत जाऊन राहिले, तिथले मूळचे रहिवासी जास्त साक्षर होते. समूहाबद्दलचं खरं विधान माणसाबद्दल खोटं ठरलं.

दुरखाइमवरचा एक मोठा आक्षेप हाच आहे. 1897 च्या आत्महत्येवरच्या अभ्यासात त्यांनी प्रांतांचे आणि धर्मसमूहांचे दर लावून बघितले, आणि त्यावरून माणूस समाजाला किती घट्ट बांधलेला आहे याबद्दल बोलले. त्यांची कल्पना चूक होती असं नाही, पण प्रांताकडून माणसाकडे उडी मारताना मध्ये जे दाखवायला हवं होतं ते दाखवलं गेलं नाही. व्यक्ती आणि समाज यांच्यामधल्या जागेवर ज्यांना काम करायचं आहे, त्यांच्या पायाखाली हा खड्डा कायमचा असणार. तो दिसण्याइतपत स्टॅट्स यायलाच हवं. सूत्रं पाठ नसली तरी चालेल. सहसंबंध म्हणजे काय, नमुना कसा घेतला, कोणत्या पातळीवरचा आकडा कोणत्या पातळीला चिकटवला जातोय, एवढं विचारता आलं पाहिजे. धडकी भरते ती बहुतेक वेळा सूत्रांची असते. रॉबिन्सनच्या निबंधासारखी एखादी खरी फसवणूक समोर ठेवून सुरुवात केलीस तर भीतीची जागा कुतूहल घेईल, असा माझा अंदाज आहे.

घरगुती कारणाबद्दल तू इतकी संकोचून लिहिलं आहेस, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू होते. फ्रान्समध्ये शिकत असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं, ते फ्रेंच सैन्यात गेले, जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले आणि जिवंत राहिले. परत आले तेव्हा घरातलं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. माणसं ‘आपले’ आणि ‘परके’ अशी का विभागतात, हा प्रश्न त्यांना कुठून मिळाला हे सांगायला नको. पण ते त्याच्याकडे कसे गेले ते बघ. 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना एकत्र बसवलं. त्यांचे दोन गट पाडले, तेही पॉल क्ले आणि वासिली कांदिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं तुला जास्त आवडली असल्या क्षुल्लक निमित्ताने. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं, त्यातून स्वतःचा काही फायदाही नव्हता. मग प्रत्येकाला इतर दोन मुलांमध्ये पैसे वाटून द्यायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. काही वेळा तर आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, अशी वाटणी केली.

तुझ्यासाठी त्यातलं घेण्यासारखं असं की ताजफेलनी आपल्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर प्रश्न घेतला आणि त्याला इतका लहान, इतका थंड केला की तो एका वर्गखोलीत मावला. राग, वैर, इतिहास, स्पर्धा सगळं काढून टाकलं आणि विचारलं, आता तरी भेदभाव उरतो का? (आता कुणी म्हणेल, खऱ्या जगातला भेदभाव असा चित्रांवरून होत नाही. बरोबर आहे, आणि त्यावर पुढे भरपूर वादही झाले.) घरून आलेला प्रश्न असणं ही अडचण मुळीच नाही. तो घरच्याच आकारात ठेवणं ही अडचण आहे.

म्हणून माझं स्पष्ट सांगणं : प्रश्न घरून घे, पण प्रबंध बाबांवर करू नकोस. त्यांच्यासारख्या इतरांवरही लगेच, पहिल्याच वर्षी करू नकोस. ज्या मुलाखतीत समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुला उत्तर माहीत असेल, ती मुलाखत तू ऐकणार नाहीस. शिवाय बाबांनी तुला परवानगी कशी द्यायची? मुलीला ‘नाही’ म्हणणं त्यांना जमेल का? संशोधनात संमती म्हणतात ती अशा नात्यात मोकळी राहत नाही. आधी बेकारीचाच नसलेला, पण त्याच घडणीचा एखादा प्रश्न घे : निवृत्तीनंतरचा दिवस, दीर्घ आजारानंतर कामावर परतणं, रात्रपाळी करणाऱ्यांचं घर. वाट शोधायची सवय तिथे लाव. आणि त्या काळाचं ओझं तुझ्याच मनावर अजून असेल, तर त्यासाठी काउन्सेलरकडे जा. तुझ्या विद्यापीठात तशी सोय असेलच. एम.ए. ने ते काम होत नाही. झालं तर फार महागात पडतं.

आता कोर्स. ‘मनोसामाजिक’ या पाटीखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात, आणि पाटी वाचून त्यातली कोणती ते कळत नाही. एका ठिकाणी प्रयोगांचं सामाजिक मानसशास्त्र असतं. दुसऱ्या ठिकाणी शिकागोचे विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्यापासून आलेली परंपरा असते : ‘मी’ नावाची गोष्ट इतरांच्या नजरेतून आणि बोलण्यातून कशी घडते, ते निरीक्षणातून आणि संवादातून बघायचं. तिसरी शाखा, विशेषतः ब्रिटनमधली, मनोविश्लेषणावर उभी आहे. तिथे अव्यक्त भीती, लाज, हेवा यांची भाषा संस्थांना आणि राजकारणाला लावतात. चौथी शाखा समाज आणि आरोग्याची : हुद्दा, उत्पन्न, एकटेपणा यांचा शरीर-मनावर होणारा परिणाम. चारही चांगल्या असू शकतात. मनोविश्लेषणवाल्यांबद्दल मला स्वतःला थोडी अढी आहे. ‘कोणत्या वाटेने’ विचारलं की तिथे उत्तर पुष्कळदा सुंदर असतं, पण ते चूक ठरलं तर कळायचं कसं, हे कुणी सांगत नाही. तुला ते आवडूही शकेल. फक्त प्रवेश घ्यायच्या आधी कळू दे.

कळतं कसं, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघ. संशोधनपद्धतीचे पेपर किती आणि कोणते आहेत. आणि मागच्या तीन-चार वर्षांत तिथल्या विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर प्रबंध केले. पद्धतीचा एकच पेपर असेल आणि बाकी सगळी थिअरी, तर सोडून दे. बाबांचं ‘एक ना धड’ तिथे खरं ठरेल. आकड्यांची आणि मुलाखतींची अशा दोन्ही पद्धती हाताने करून घेत असतील, शेवटी फील्डवर्कवरचा प्रबंध असेल, आणि आधीच्या प्रबंधांच्या शीर्षकांत ठरावीक माणसं, ठरावीक जागा, ठरावीक प्रश्न दिसत असतील, तर बेलाशक जा. ‘आधुनिकता आणि अस्मिता : एक चिंतन’ अशी शीर्षकं जास्त दिसली, तर दुसरीकडे बघ.

एका गोष्टीचा मात्र आधीच स्वतःशी निकाल लाव. तुला समोर बसलेल्या पेशंटवर उपचार करायचे आहेत का? त्या दिशेने मनात थोडी जरी ओढ असेल, तर क्लिनिकलची परीक्षा दे. उपचार करायची परवानगी जवळजवळ सगळीकडे ठरावीक प्रशिक्षणाला आणि नोंदणीला बांधलेली असते, आणि मनोसामाजिक अभ्यासाच्या एम.ए. ने ती सहसा मिळत नाही. क्लिनिकल करून नंतर समाजाकडे वळता येतं. फ्रान्झ फॅनन मनोविकारतज्ज्ञ होते, आणि वसाहतवाद माणसाच्या मनाचं काय करतो यावर त्यांच्याइतकं खोलात जाऊन फार थोड्यांनी लिहिलं. उलट दिशेने येणं फार जिकिरीचं आहे.

तशी ओढ नसेल तर नोकरीची चिंता थोडी हलकी करते, पूर्ण नाही. या डिग्रीच्या नावाची जाहिरात तुला कुठे दिसणार नाही. सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, पुनर्वसन, सर्वेक्षण संस्था, धोरणांचं मूल्यमापन, अगदी ॲप बनवणाऱ्या कंपन्यांमधलं वापरणाऱ्यांवरचं संशोधन, इथे घेतात ते तुझ्या हाताला काय येतं ते बघून. मुलाखत घेऊन ती शब्दशः उतरवता येते का, प्रश्नावलीतला दिशाभूल करणारा प्रश्न ओळखता येतो का, डेटा साफ करून चार पानांचा धड अहवाल लिहिता येतो का. पगार सुरुवातीला क्लिनिकलवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असण्याची शक्यता धरून चाल. हे बाबांना लपवून सांगू नकोस, आकड्यानिशी सांग. त्यांना पाटीपेक्षा त्याचाच जास्त आधार वाटेल.

तेव्हा या आठवड्यात त्या विभागाला एक छोटं पत्र लिही. पद्धतीचे पेपर आणि मागच्या प्रबंधांची यादी माग, आणि सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का ते विचार. उत्तर येवो न येवो, तो विद्यार्थी मात्र गाठच. कोर्स कसा आहे हे त्याला विचारू नकोस, सगळे चांगलाच म्हणतात. गाइड महिन्यातून किती वेळा भेटतात आणि त्याने लिहिलेलं किती दिवसांत वाचून परत देतात, एवढं विचार. क्लिनिकलच्या परीक्षेचा फॉर्मही तोवर भरून ठेव. प्रवेश नाकारायचा हक्क तुझ्याकडे शेवटपर्यंत राहतोच.

– तुझी ताई